शरयूबाईंचा सुईणींचा वर्ग

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाची एक खोड आहे. गेलेल्या गोष्टीचं बोट तो सोडत नाही. संस्थान विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य आलं, तेही काही वर्षांत आटोपलं आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या, तरी शहरातल्या लष्कर नावाच्या भागातले म्हातारे घरून निघताना 'दरबारात जाऊन येतो' असंच म्हणत राहिले. दरबार कुठे उरला होता? पण त्यांना सांगणार कोण.

शरयूबाई दप्तरदार याच म्हाताऱ्यांच्या सुनांपैकी एक, पण त्यांचा कल नेमका उलटा. जुनं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्याला कारणही तसंच होतं. ऐन विशीत नवरा गेला, कडेवर श्रीपाद, आणि उरलेला जन्म माजघराच्या कोपऱ्यात काढायचा, हे सगळ्यांनी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. सासरे तात्यासाहेब दरबारच्या दप्तरखान्यात होते. कडक आणि अबोल माणूस, पण सुनेच्या बाबतीत त्यांनी कुणाला जुमानलं नाही. त्यांनी तिला परिचारिकेच्या शिक्षणाला घातलं. आळीत चर्चा सुरू झाली. दप्तरदारांची सून आता लोकांची बाळंतपणं उपसणार, असं बायका हळदीकुंकवाला एकमेकींना म्हणाल्या, आणि ते शरयूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. शरयूबाईंनी ते गिळलं खरं, पण पचवलं नाही. आपण मागासलेल्या नाही हे दाखवण्याची एकही संधी त्यांनी पुढे कधी सोडली नाही. पांढरं इस्त्रीचं पातळ, मनगटावर घड्याळ, आणि बोलण्यात औषधांची नावं अशी की समोरच्याने दबून जावं. नवससायास, दृष्ट काढणं, गंडेदोरे यांचा विषय निघाला की त्या उठून जात. यात थोडं नाटक होतं. पण त्या नाटकावरच त्यांचं आयुष्य उभं होतं, म्हणून त्यांना हसायचं आपल्याला कारण नाही.

मध्यभारताच्या दिवसांत त्या हजीऱ्याच्या प्रसूतिकेंद्राच्या मुख्य परिचारिका झाल्या. हजीरा म्हणजे किल्ल्याच्या उत्तरेची जुनी वस्ती, दाट बाजार, गिरणीतल्या कामगारांच्या खोल्या, मधूनमधून जुन्या शिलेदारांची मराठी घरं. केंद्रावर येऊन बाळंत होणाऱ्या बायका थोड्या. बाकी सगळ्या घरीच, सुईणीच्या हाती. त्यातली कितीतरी मुलं आठवड्याच्या आत धनुर्वाताने जायची. आधी दूध ओढेनाशी व्हायची, मग जबडा मिटायचा, मग अंग ताठ. हिंदी बोलणाऱ्या बायका त्याला जमोगा म्हणत आणि बाहेरची बाधा समजत. नाळ कापायच्या हत्यारातून तो रोग येतो हे शरयूबाई सांगून सांगून थकल्या होत्या.

इकडे फूलबागेच्या बाजूला सरकारने नवं आरोग्य विद्यालय काढलं होतं. तिथल्या मुलींना जंतूंची नावं तोंडपाठ, पण एका खोलीच्या घरात, चुलीच्या धुरात, सासू डोक्याशी उभी असताना बाळंतपण कसं होतं हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आणि हजीऱ्याच्या सुईणींनी निम्मा हजीरा आपल्या हातांनी जगात आणला होता, पण ते हात आधी का धुवायचे हे त्यांना कुणी समजावलेलं नव्हतं. विद्यालयाचे डॉक्टर गोपाळकृष्ण सप्रे हे मुंबईला शिकून आलेले, उत्साही गृहस्थ. मुली आणि सुईणी यांची गाठ घालावी ही कल्पना त्यांची. विद्यालय आणि केंद्र मिळून सुईणींचा एक वर्ग चालवायचा. सुईणींनी विद्यालयात येऊन शिकायचं, मुलींनी सुईणींबरोबर घरोघर जाऊन शिकायचं, आणि दोहोंच्या मध्ये शरयूबाई. शिकून तयार झालेल्या सुईणीला एक पत्र्याची पेटी मिळायची. पेटीत साबण, नखांचा ब्रश, उकळलेला दोरा, स्वच्छ कापड आणि नाळ कापायची कात्री.

ही पेटी ठरवण्यासाठी विद्यालयात बैठक झाली. डॉक्टर सप्र्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि मग हसत हसत विचारलं, "शरयूबाई, तुम्ही इथल्या. आपल्या मराठी लोकांत अजून सटवाई-बिटवाई चालते का हो? म्हणजे आपल्या कामात आड येईल असं काही?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. शरयूबाईंना त्या क्षणी आठवलं नाही असं नव्हे. श्रीपाद झाला तेव्हा त्याची नाळ ज्या सुरीने कापली ती सुरी सासूबाईंनी धुऊन बाळंतिणीच्या उशीखाली ठेवली होती. पाचवीला पाटा-वरवंट्याबरोबर तिची पूजा झाली आणि बारशापर्यंत ती उशीखालून हलली नाही. नाळ कापलेलं हत्यार बारशाच्या आत घराबाहेर गेलं तर मुलाच्या जिवावर बेततं, असा समज. दप्तरदारांकडे हेच, शिलेदारांकडेही हेच. ब्राह्मण-मराठ्यांचं बाकी कशात पटो न पटो, यात पटत होतं. आता नाळ कात्रीने कापली तर लोक ती कात्री ठेवून घेणार आणि पेटीत तर कात्री एकच, इतकं साधं गणित होतं. पण समोर मुंबईचे डॉक्टर हसत होते, भोवती इतर हसत होते, आणि 'आमच्या घरी चालते' असं म्हणण्याची शरयूबाईंना लाज वाटली.

"ते खेड्यापाड्यांत, सर," त्या म्हणाल्या. "शहरात आता कोण करतं."

माणूस लाजेपायी जितकं खोटं बोलतो तितकं लोभापायीही बोलत नसावा. आणि लाजेचं खोटं इतकं लहान दिसतं की बोलणाऱ्याला ते खोटं वाटतच नाही. विद्यालयाच्या कपाटात कात्र्या कमी नव्हत्या. दुसरी मागितली असती तर मिळाली असती.

वर्ग सुरू झाला आणि बघता बघता रंगला. त्यातली पहिली आणि सगळ्यांत तल्लख शिष्या म्हणजे कुसुमताई जगदाळे. त्यांचे यजमान संभाजीराव संस्थानी फौजेत हवालदार होते. विलीनीकरणात पलटण मोडली, तेव्हापासून ते दारात खाट टाकून बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची हजेरी घेत. घर कुसुमताईंच्या सुईणपणावर चालायचं. बायको पेटी घेऊन निघाली की संभाजीराव म्हणत, "आमची पलटण मोडली अन् हिची उभी राहिली." त्यांच्या बोलण्यात टोमणा किती आणि अभिमान किती, हे कुसुमताईंनाही शेवटपर्यंत समजलं नाही.

कुसुमताई वर्गात प्रश्न विचारून भंडावून सोडत. "बाई, हात धुवायचे ते तर समजलं. पण हे जंतू दिसत का नाहीत? न दिसणाऱ्याला घाबरायचं, मतलब देवासारखंच झालं ना." मुली हसत, शरयूबाईही हसत. पण एकदा पटलं की कुसुमताई ते प्राण गेला तरी सोडत नसत. विद्यालयाच्या मुलींना त्या आपल्याबरोबर नेत, आणि अनोळखी घरात शिरताना आधी सासूशी बोलायचं, मग बाळंतिणीशी, हे त्यांना शिकवत. त्या मुली पुढे गावोगाव कामाला गेल्या तेव्हा सप्र्यांची व्याख्यानं विसरल्या असतील, हे मात्र विसरल्या नाहीत. हजीऱ्यात जमोग्याने जाणारी मुलं कमी होऊ लागली. शरयूबाईंच्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. त्या संध्याकाळी केंद्राचं कुलूप लावून निघत तेव्हा चालताना नकळत गुणगुणत, आणि तसं गुणगुणणं त्यांना आधी माहीत नव्हतं.

मराठी घरांत कात्री अडकायची ती अडकतच होती. कुसुमताईंनी त्याचा बभ्रा केला नाही. बाई आपल्यातल्याच, त्यांना आपल्या रीती काय सांगायच्या, असं त्या धरून चालल्या. कात्री कुठे अडकली की पलीकडच्या गल्लीतल्या विमल नावाच्या सुईणीची मागून आणायच्या, आणि विमलची अडकली की आपली द्यायच्या. दोघींचं असं बरं चाललं होतं. बाईंना सगळं ठाऊक आहे असं त्यांना वाटत होतं, आणि अडचण येतच नाही असं बाईंना वाटत होतं.

मग मध्यभारत गेला. नवं राज्य, नवी राजधानी. पेटाऱ्यांत कागद भरले जाऊ लागले, ओळखीचे अधिकारी भोपाळला गेले, आणि कुठली योजना ठेवायची, कुठली मोडायची, हे ठरवायला नवी माणसं हिंडू लागली. सुईणींचा वर्ग मंजूर होता तो तात्पुरता. डॉक्टर सप्र्यांनी धावपळ करून एका वरिष्ठांना हजीऱ्याला भेट द्यायला राजी केलं. त्यांना वर्ग आवडला तर वर्ग कायमचा होणार होता. शरयूबाईंनी केंद्राला चुना लावून घेतला, सुईणींकडून सगळी उजळणी करून घेतली. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

त्याच सुमारास हजीऱ्यातल्या महिपतरावांच्या सुनेला मुलगा झाला. कुसुमताईंनीच केलं, छान केलं, आणि घरच्यांनी कात्री ठेवून घेतली. दोन दिवसांनी गिरणीतल्या एका कामगाराच्या बायकोला, फूलवतीला, कळा लागल्या. रात्री बोलावणं आलं तेव्हा केंद्राला कुलूप होतं; कुसुमताईंनी विमलच्या घरी धाव घेतली, तर विमल भावाच्या लग्नाला दतियाला गेलेली. महिपतरावांच्या दारावरून जाताना त्यांची पावलं थबकली. पण बारसं सोडाच, अजून पाचवीही व्हायची होती. पाचवीच्या आधी उशीखालचं हत्यार मागणं म्हणजे त्या मुलाचं वाईट चिंतणं, आणि ते कुसुमताईंच्या जिभेवर आलं नाही. फूलवतीकडे पोचल्या तेव्हा मूल बाहेर यायच्या बेतात. हात धुतले, कापड अंथरलं, दोरा बांधला, सगळं शिकवल्याबरहुकूम. नाळ मात्र घरातल्या विळ्याने कापावी लागली. तो उकळायला वेळ नव्हता, वरून कढत पाणी ओतलं.

आठवड्याने दुपारी कुसुमताई केंद्रावर आल्या आणि उंबऱ्याशीच बसल्या.

"बाई, फूलवतीचा मुलगा गेला," त्या म्हणाल्या. "जबडा धरला होता. मी पाहूनच समजून गेले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. महिपतरावांची कात्री, दतियाला गेलेली विमल, विळा. काही लपवलं नाही आणि रडल्याही नाहीत. "तुम्ही तर जाणताच," असं त्या मध्येमध्ये म्हणत होत्या. ते मूल कुणाच्या चुकीने गेलं हे शरयूबाईंना लख्ख समजलं. त्यांनी कुसुमताईंना पाणी दिलं आणि घरी जायला सांगितलं.

डॉक्टर सप्रे दुसऱ्या दिवशी आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचाही वर्गावर जीव होता, आणि चेहरा उतरला होता.

"भेटीच्या तोंडावर हे झालं," ते म्हणाले. "आता विचारणार, की मूल वर्गाच्या चुकीने गेलं की सुईणीच्या. वर्गाच्या चुकीने म्हटलं तर वर्ग संपला. शिकवलेलं सुईणीने मोडलं म्हटलं, तर यादीतून तिचं नाव कमी होईल आणि वर्ग राहील. वर्ग राहिला तर किती मुलं वाचतील, ते तुम्हाला मी सांगायला नको. पेटीत कात्री असताना तिने विळा का घेतला?"

"कात्री तिच्यापाशी नव्हती, सर."

"का नव्हती?"

इथे शरयूबाईंना बोलायचं होतं. त्या रात्रभर त्याचीच तयारी करत होत्या. दोष माझा आहे, मला रीत ठाऊक होती, मी तुम्हाला सांगितली नाही, एवढी तीनच वाक्यं. पण त्या खोलीत विद्यालयाच्या दोन मुली उभ्या होत्या, त्यांच्याकडे आदराने बघणाऱ्या. आणि वर्ग जाईल ही भीती होती, तीही खोटी नव्हती.

"ते मी विचारलं नाही," शरयूबाई म्हणाल्या.

कुसुमताईंचं नाव कमी झालं. पेटी परत आणायला शरयूबाई स्वतःच गेल्या. दुसऱ्या कुणाला पाठवणं त्यांना बरं वाटलं नाही. संभाजीराव खाटेवरून उठून आत निघून गेले. कुसुमताईंनी पेटी पुसून ठेवली होती. साबण, ब्रश, दोरा, सगळं जागच्या जागी. "कात्री बारसं झालं की महिपतरावांकडून आणून पोचवते," त्या म्हणाल्या. "आणि बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझ्यासाठी तुम्ही खूप झगडला असाल, जाणते मी. काही गोष्ट नाही."

शरयूबाई पेटी घेऊन भर बाजारातून चालत आल्या. वाटेत ओळखीचे लोक नमस्कार करत होते आणि त्या कुणाकडे बघत नव्हत्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी कपाटातून कात्र्या काढून प्रत्येक सुईणीला दुसरी दिली. एक हरवते, असू द्या, एवढंच कारण सांगितलं. वरिष्ठांची भेट झाली. ते घाईत होते. त्यांनी चहा घेतला, मुलींना दोन प्रश्न विचारले आणि गेले. फूलवतीच्या मुलाबद्दल त्यांनी विचारलंच नाही, त्यांच्यापर्यंत ती गोष्ट पोचलीही नसावी. उन्हाळ्यात हुकूम आला. नव्या व्यवस्थेत सुईणींचं शिक्षण दुसऱ्या खात्याकडे गेलं होतं, विद्यालय आणि केंद्र यांनी मिळून काही चालवण्याची तरतूद नव्हती. वर्ग बंद. शरयूबाईंची बदली मुरैन्याला झाली. ज्याच्यासाठी कुसुमताईंच्या नावाचा बळी दिला ते असं हातचं गेलं, आणि नाव काही परत आलं नाही. हजीऱ्यात लोक कुसुमताईंना बोलवेनासे झाले. त्यांच्या हातून मूल गेलं म्हणून सरकारने पेटी काढून घेतली, असं जो तो म्हणायचा, आणि त्यात खोटं तरी काय होतं? त्यांनी नंतर लोकांच्या घरी पापड-शेवया करून दिवस काढले.

शरयूबाई निवृत्त होऊन ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरम वसाहतीत श्रीपादच्या घरी राहायला आल्या तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. मुरैन्यात, भिंडात, जिथे गेल्या तिथे त्यांनी काम चोख केलं. सुईणींना पहिल्याच दिवशी विचारायच्या, तुमच्याकडे काय काय रीती आहेत, न लाजता सांगा. लोक म्हणायचे, बाईंसारखं समजून घेणारं कुणी नाही. ते ऐकलं की त्या घरी येऊन जेवत नसत.

एक दिवस सकाळी फाटकाशी सवाऱ्यांचा टेम्पो थांबला आणि कुसुमताई उतरल्या. पाठीत वाकलेल्या, पण चेहरा हसरा. नात परिचारिकेच्या शिक्षणाला लागली होती, त्याचे पेढे घेऊन आल्या होत्या.

"तिथे तुमचं नाव अजून घेतात, बाई. मुलाखतीत तिने सांगितलं, माझी आजी शरयूबाईंच्या हाताखाली शिकली." पेढ्यांचा पुडा त्यांनी शरयूबाईंच्या हातात ठेवला. मग थोडा वेळ त्या इकडचं तिकडचं बोलल्या, संभाजीराव गेल्याचं सांगितलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"एक विचारू? राग नका मानू," त्या म्हणाल्या. "नातीला मी सारा किस्सा सांगितला. ती आजकालची मुलगी, बोलते खडाखडा. म्हणते, आजी, मागून सगळ्यांना दोन-दोन कात्र्या दिल्या ना, मग आधी का नाही दिल्या? तुझ्या बाईंना ही रीत ठाऊक नव्हती का? मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नको, विचारूनच येते." त्यांनी वर पाहिलं. "ठाऊक होती का हो, बाई?"

शरयूबाईंच्या हातात पुडा तसाच होता. आत सून पेढ्यांसाठी बशी शोधत होती, श्रीपाद बाहेर जायच्या तयारीत होता. आता लाजायला कुणी डॉक्टर नव्हते, वाचवायला वर्ग नव्हता. समोर फक्त कुसुमताई होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा विश्वास इतका जुना होता की त्याला हात लावायची शरयूबाईंची छाती झाली नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

कुसुमताईंनी श्वास सोडला. इतक्या वर्षांचं ओझं उतरावं तसा त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"तेच मी तिला म्हटलं. चूक माझीच होती. मीच सांगायला हवं होतं तुम्हाला. तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही आधीच दिल्या असत्या, नाही का?"

"हो," शरयूबाई म्हणाल्या. "आधीच दिल्या असत्या."